बुढीचा विमा

सकाळची उन्हं अंगणात उतरली की आमच्या घोडीच्या अंगाला एक वास सुटतो. भिजवलेल्या हरभऱ्याचा, भाताच्या कोंड्याचा, वाळलेल्या घामाचा, आणि आदल्या संध्याकाळी वरातीत कुणीतरी हौसेने तिच्यावर शिंपडलेल्या स्वस्त अत्तराचा. चैत्रात त्यात मोहफुलांचा मादक, गोडसर दर्प मिसळतो, कारण बैहरकडून येणाऱ्या प्रत्येक बसच्या टपावर मोहाची पोती असतात आणि आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. हा वास नाकात गेला की माझं मन प्रसन्न व्हायला हवं. पण तुम्हाला खरं सांगते, गेले काही महिने तो आला की मला आधी राग येतो.

घोडी माझ्या धाकट्या भावाची, दिवाकरची. त्याची सगळी नोकरी जंगलखात्यात, बैहर आणि बिरसा यांच्या मध्ये झाली. निवृत्त होऊन बालाघाटला परतताना लोक सागवानाचं कपाट आणतात, याने एक शिंगरू आणलं. पांढरंशुभ्र, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि चाल अशी धीरगंभीर की जणू चार सुना नांदवून बसलेली बाई अंगणात फेरी मारते आहे. ते रूप पाहून त्याने पहिल्याच दिवशी तिला बुढी म्हटलं, आणि तेच नाव राहिलं. आमच्याकडे बुढी हा शब्द वयाचा कमी आणि मायेचा जास्त. माणूस आपल्या आईला बुढी म्हणतो, लग्नाला दोन वर्षं झालेल्या बायकोलाही लाडाने म्हणतो, आणि नऊ महिन्यांची नात गाल फुगवून बसली की तिलाही म्हणतो. एवढी ऊब आणखी कोणत्या शब्दात आहे, मला माहीत नाही.

बुढी लग्नात जाते. नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत आणि तिथून मांडवापर्यंत, एवढंच तिचं काम. त्यातून तिचं दाणापाणी निघतं. दिवाकरच्या तुटपुंज्या पेन्शनीत आम्ही दोघं भावंडं निभतो, तिसरं पोट निभत नाही. पण आता लग्नं घरापुढच्या मांडवात होत नाहीत, लॉनमध्ये होतात, आणि लॉनवाले विम्याचा कागद पाहिल्याशिवाय घोडीला फाटकाच्या आत घेत नाहीत. म्हणजे विमा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर बुढीला विकावं लागेल. इतका साधा, इतका निर्दय हिशेब आहे हा.

आणि त्या विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतो! का, तर म्हणे वरातीत धोका वाढला आहे. वाढला आहे, मान्य. पण ज्या फटाक्याने ती बुजते तो नवरदेवाच्या मामाने लावलेला, ज्या भोंग्यांनी तिच्या काळजात धडकी भरते ते डीजेवाल्याचे, तिच्या पायांत येऊन नाचणारे नवरदेवाचे मित्र; मग त्या धोक्याचा भुर्दंड एकट्या आमच्या बुढीने का भरावा? शिवाय कंपनीच्या लेखी तिची किंमत दरसाल घटते, आणि ती घटती किंमत सांभाळण्याचा दर मात्र दरसाल चढतो. हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मी तीस-पस्तीस वर्षं बिनपेन्शनीच्या खाजगी शाळेत मुलांना गणितच शिकवलं, मला तरी ते कधी आढळलं नाही.

यंदा तर हप्त्याने एकदम उडीच मारली. दिवाकर कंपनीच्या कचेरीत जाऊन आला तो तोंड पाडूनच. झालं होतं असं की नूतनीकरणासाठी घोडीचा फोटो काढायला एक नवा तरुण आला होता. बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. त्याने वय विचारलं, तेव्हा दिवाकर नेमका आमच्या करकर आवाज करणाऱ्या फाटकाची कडी लावत होता. त्याला प्रश्न ऐकू गेला नाही. तो आपला अभिमानाने म्हणाला, "हे आमची बुढी." तरुणाने ते ऐकलं आणि प्रामाणिकपणे लिहून टाकलं : वृद्ध.

"मी त्याले सांगून आलो न ताई, बुढी हे तिचं नाव हाय," दिवाकर म्हणाला. "थो म्हणते, नाम नहीं चाचाजी, उम्र बताइए."

"मग सांगायची होती उमर."

"सांगतली. म्हणे डॉक्टरचा कागद आना."

डॉक्टरांनी तिचे दात पाहिले आणि ती ऐन भरात आहे असा दाखला दिला. तरी कंपनीचं समाधान होईना. पुन्हा पाहणी होईल, असं कळवलं. तेव्हा शेजारच्या वकिलांनी सल्ला दिला की पाहणीच्या दिवशी तरी तिला त्या नावाने हाक मारू नका, राणीबिणी काहीतरी म्हणा. दिवाकरला ते पटलं. माझंही डोकं त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे, मीही हो म्हटलं.

पाहणीला कंपनीचे साहेब आले. दिवाकर अंगणात उभा राहून साखर घातल्यासारख्या आवाजात म्हणाला, "राणी! राणी बेटा, इकडे ये." बुढी गवत खात होती. तिने कानसुद्धा हलवला नाही. त्याने पुन्हा हाक मारली, मीही मारली. आम्ही दोघं पिकल्या केसांची भावंडं तिच्यापुढे राणी राणी करत उभी, आणि ती शांतपणे रवंथ केल्यासारखी चघळते आहे. साहेबांनी मान हलवली आणि हिंदीत म्हणाले, "सुनाई भी कम देता है इसको."

त्यासरशी दिवाकरचा तोल गेला. "ये व बुढे!" तो ओरडला. आणि ती गवत तोंडात धरूनच दुडक्या चालीने आली, आणि त्याच्या खांद्यावर नाक टेकून उभी राहिली. साहेब हसले.

वय दुरुस्त झालं. हप्ता मात्र जेमतेम उतरला, कारण दरच सगळ्यांचे वाढले होते, म्हणे. काय संताप झाला माझा! माझ्याही आरोग्यविम्याचं हेच आहे. मी धडधाकट होते तेव्हा कंपनीवाले माझी आर्जवं करत होते, आता गुडघे बोलू लागले तर हप्ता असा लावतात की मी होऊन दूर व्हावं. जीव जसजसा आधार मागू लागतो तसतसा आधार महाग करत न्यायचा, याला व्यवहार म्हणायचं की शिकार? ज्या शब्दात आम्ही मायेने जग सामावलं, त्याच शब्दावर दर वाढवणाऱ्यांशी मी कोणत्या भाषेत भांडू?

दिवाकरने मात्र मुदतीच्या आत पैसे भरले. पैसे आणले कुठून, हे विचारायला मला आठ दिवस लागले. तो खरारा करत होता. मान वर न करता म्हणाला, "माह्यावाला सोडून देल्ला."

"काय सोडून दिला?"

"दवाखान्याचा विमा. दोन्ही जमत नव्हते."

मागच्या पावसाळ्यात छातीत दुखतं म्हणून याला गोंदियाला न्यावं लागलं होतं. मी त्याला वाट्टेल ते बोलले. काहून केलं असं, मला का नाही विचारलं, तुला अक्कल आहे का. तो ऐकून घेत होता आणि खरारा चालवत होता. शेवटी म्हणाला, "मले काही नाही होत, ताई." हे वाक्य मी आमच्या वडिलांच्या तोंडूनही ऐकलं होतं. त्यांच्या वेळी ते खरं ठरलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून मी कंपनीला, लॉनवाल्यांना, डीजेवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि त्या संपल्यावर कळलं की खाली नुसती भीती उरली आहे. इतके महिने जिला मी राग म्हणत होते ती बहुधा हीच होती.

त्या दिवशी उकवा रस्त्यावरच्या लॉनमध्ये वरात होती. दिवाकरने बुढीवर झूल चढवली, गोंडे बांधले, स्वतः धुतलेला सदरा घातला. अशा वेळी मी फाटकापर्यंत जाते आणि त्याला सांगते, बुढीला जप. त्या संध्याकाळीही गेले. तो कडी काढायला पुढे झाला, तेव्हा मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "याले जप व माय."