माझी लेक मी परत मिळवली

मुलगी झाली तेव्हा मी माहेरी, टेंभुर्णीला होते. बाळंतपण सुखरूप झालं, पण माझी झोप उडाली. थकवा म्हणून वाटत नव्हता. दिवसभर कपडे घडी करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. आई समोर बसलेली असायची आणि मी भिंतीशी बोलायचे. मग एका सकाळी माझी खात्रीच पटली की पाळण्यातलं लेकरू माझं नाही, कुणीतरी बदललंय. आईनं ते मांडीवर दिलं तर मी खाली ठेवलं आणि अनवाणी शेताकडं पळत सुटले.

चुलती म्हणाली, "बाहेरचं लागलंय. बाबाला बोलवा."

वडील सहसा घरात बोलत नाहीत. ते म्हणाले, "बाबा न्हाई, गाडी बोलवा."

जालन्याच्या दवाखान्यात मला शॉक दिले. सिनेमात हातपाय बांधून देतात, तसलं काही नव्हतं. भुलीचं इंजेक्शन द्यायचे, मी झोपायचे, उठल्यावर डोकं दुखायचं. आधीच्या उन्हाळ्यातलं बरंच काही मी विसरले, ते आजतागायत आठवलेलं नाही. पण एके दिवशी जाग आली आणि पहिला विचार मनात आला, माझ्या लेकीनं दूध पिलं असेल का?

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "मी येडी झाल्ते का?"

"आजारी पडला होतात," त्या म्हणाल्या. बाळंत झाल्यावर शरीरातले हार्मोन एकदम उतरतात. बहुतेक बायकांचा मेंदू ते सावरून घेतो, काहींचा सावरत नाही. त्यात झोप गेली की खरं काय आणि भास कोणता, हे मेंदूला ठरवता येत नाही. गोळ्या बरेच दिवस चालतील, आणि रात्रीची झोप मोडायची नाही, असं त्यांनी बजावलं.

तोवर सासरच्यांनी लेकीला वडीगोद्रीला नेलं होतं. मी घरी आल्यावर फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, "नीट हो, मंग बघू." डॉक्टरीणबाईंनी लेकरू जवळ द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी उत्तर तेच. नवरा फोनवर नुसता हं हं करायचा. वडील म्हणाले, चार माणसं घेऊन बोलायला जाऊ. मी म्हटलं, "माणसं कशाला? लेक माझी हाय. तुम्ही नुसते संगं चला."

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात होत्या, लेक त्यांच्या कडेवर. शेजारच्या दोघी जणी तूर निवडत बसल्या होत्या. मी हात पुढं केले.

"शॉक दिलेत तुला," सासूबाई म्हणाल्या. "लेकराला काही केलं तर?"

"दिलेत. त्यानंच बरी झाले. मामंजींना साखरेची गोळी चालू हाय, म्हणून त्यांच्याजवळून नात काढून घेतली का?"

"साखर रक्तात असती. तुझं डोक्यात हाय."

"डोकं काय अंगाच्या बाहेर असतं का, आत्याबाई?"

तूर निवडणाऱ्यांचे हात थांबले. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, दे तिला."

लेक माझ्याकडं आली आणि जोरात रडायला लागली.

"बघ, वळखत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"वळखंल. मी आता इथंच राहणार हाय. तुम्हाला राखण करायची तर खुशाल करा."

त्यांनी खरंच राखण केली. आमच्याच खोलीत अंथरूण टाकलं, रात्री लेक उठली की वरचं दूध त्याच पाजायच्या. त्यामुळं मला सलग झोप मिळायची. डॉक्टरांना हवं होतं तेच त्या पहारा म्हणून करत होत्या, आणि मी त्यांना ते कधी सांगितलं नाही.

पुढं मला दुसरं लेकरू हवं झालं. घरात एकानंही हो म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आजार उलटायची भीती मोठी आहे, पण आधीपासून तयारी करता येते. ते ऐकून नवरा तयार झाला. मुलगा झाला त्याच दिवशी गोळी सुरू केली, त्या गोळीमुळं अंगावर पाजलं नाही. बायका नावं ठेवत होत्या. मी म्हणाले, ठेवा. मग एका रात्री डोळा लागेना. उजाडताच मी नवऱ्याला म्हटलं, "झोप गेली. डॉक्टरांना फोन लाव." डोस वाढवला, आणि थोड्याच दिवसांत झोप जागेवर आली. मुलगा माझाच आहे, याची मला एक क्षणही शंका आली नाही.

आता लेक मोठी व्हायला लागलीय. नणंद म्हणते, "वहिनी, हे सगळ्यांना सांगत जाऊ नका. उद्या पोरीच्या सोयरिकीला आडवं येईल."

मी तिला सांगितलं, "पाहुणे आले की पहिलं मीच सांगणार. ऐकून जे उठून जातील, त्यांच्या घरात मला पोरगी द्यायचीच न्हाई."