चौसष्ट घरांची पाहणी

भीमाचार्यांच्या अक्षराचं आमच्या संस्थेत फार कौतुक होतं. राजाजीनगरात भाड्याच्या बंगल्यात ही संस्था होती. गरीब देशांतले लोक कशावर जगतात याचा अभ्यास करायला तिला परदेशातून पैसा येई. खेड्यात जाऊन घरटी एक तक्ता भरून आणायचा, हे भीमाचार्यांचं काम. मी विद्या, लग्न होऊन पुण्याहून बेंगळूरला आलेली. त्या तक्त्यांच्या बेरजा मारणं माझं काम. त्यांच्या कागदावर एक खाडाखोड सापडायची नाही. पाहुणे आले की संचालक तेच तक्ते काढून दाखवत. आज ते अक्षर नुसतं आठवलं तरी मला शिसारी येते.

१९५७ साली आनेकलच्या पलीकडच्या एका गावाचे चौसष्ट तक्ते त्यांनी चार दिवसांत आणले. त्यात अकरावा प्रश्न होता, गावच्या तळ्यातून आणि गायरानातून घरात काय येतं. चौसष्ट घरांचं एकच उत्तर, 'काही नाही.' पण त्याच कागदांवर दोनशेच्या वर जनावरं होती आणि विकतचा चारा एकही घर घेत नव्हतं.

"आचार्य, ही जनावरं खातात तरी काय?" मी विचारलं.

"खात असतील स्वल्प काहीतरी. सांगितलं ते लिहिलं, विद्याबाई."

मी बरं म्हटलं आणि बेरीज मारली. नोकरी नवी होती, ही सबब मी पुढे पुष्कळांना सांगितली आहे.

अहवाल छापला गेला. तळ्याकाठची सगळी जमीन त्यात 'विनावापर' ठरली. वर्षभरात सरकारने ती वीटभट्टीला द्यायचं ठरवलं आणि तारीखही लागली. तारखेच्या आठवडाभर आधी आमच्या पायरीवर गोजराबाई येऊन बसली. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घोडेस्वारांच्या वंशातली, घरात मराठी बोलणारी. आनेकलहून बसने आली होती. लव्हाळ्याच्या चटया विणून तिचं घर चाले आणि लव्हाळा सगळा तळ्यातला. दोन म्हशी तळ्याकाठी चरत. आठवड्यातून दोनदा मासे मिळत.

"कचेरीत वाचून दाखवलं, तळ्यावर कुणाचंच पोट नाही म्हणून," ती भीमाचार्यांना म्हणाली. "स्वामी, तुम्ही माझ्या दारात कधी आलात?"

भीमाचार्य चष्मा पुसत राहिले.

"चार दिवस शानभोगाच्या जगलीवर बसला होतात. आम्ही येताजाता बघत होतो."

शानभोग म्हणजे गावचा कुलकर्णी, आचार्यांच्याच पंथातला, आणि जगली म्हणजे त्याच्या घराचा ओटा. सगळं माझ्या लक्षात आलं. आचार्यांचं सोवळं कडक. बाकीच्या गावात पाणीसुद्धा चालायचं नाही. म्हणून उतरायचं शानभोगाकडे, अंघोळ करून ओट्यावर बसायचं आणि चौसष्ट घरांचं पोटपाणी त्या एकाच्या तोंडून लिहून घ्यायचं. शानभोगाला गायरानात म्हैस सोडावी लागत नव्हती. भट्टीचा ठेका घेणारा त्याचा सख्खा मेहुणा होता.

"मला एवढाच कागद द्या," गोजराबाई म्हणाली, "की आम्हाला विचारलं नव्हतं."

तो कागद मी तिथल्या तिथे टंकून दिला. चार ओळींचा होता. त्यावर आचार्यांची सही पडली असती तर भट्टी थांबली असती, निदान पुन्हा पाहणी तरी झाली असती. आचार्यांनी तो वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सरी, बरं, उद्या बघू." सहा दिवस ते उद्या बघत होते. सातव्या दिवशी तिकडे तारांचं कुंपण पडलं.

"मी खोटं कुठे लिहिलं?" ते मला म्हणाले. "शानभोग बोलला तेच लिहिलं. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत, आता बोभाटा कशाला?" आणि डबा उघडून स्वच्छ हाताने दहीभात खाल्ला. मला त्या माणसाची किळस आली. दुसऱ्या दिवशी त्याच्याच तक्त्यांवर मी परत बेरजा करायला बसले, तेव्हा माझीही आली.

१९६४ साली संस्थेने तेच गाव परत पाहायचं ठरवलं. विकासाने काय फरक पडला ते मोजायचं होतं. आचार्यांची ती शेवटची फेरी, आणि या खेपेला मीही बरोबर होते. संचालकांचा हुकूम घरोघर जाण्याचा होता, त्यामुळे आचार्य गेले. प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभे राहून, धोतर सावरत, अगदी नेटकं लिहीत. गोजराबाईच्या म्हशी विकून झाल्या होत्या. चटया बंद पडल्या होत्या. ती, सून आणि मुलगा तिघंही भट्टीवर विटा वाहत होती. तिच्या डोक्यावरचे केस मधोमध घासून गेले होते.

"अक्का, या वेळी तरी नीट लिहिलंत ना?" तिने मला विचारलं.

लिहिलं होतं. तिघांची मजुरी, आठवड्याचे दिवस, सगळं. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मग मी नवे तक्ते जुन्या तक्त्यांशेजारी मांडले. सात वर्षांपूर्वी तळ्यातून आलेलं 'काही नाही', चटयांची नोंदही नाही, आता तिघांची भट्टीची मजुरी. अहवालाच्या शेवटी प्रगतीचं एक कोष्टक आहे, ते मीच तयार केलं. चौसष्ट घरांत सगळ्यांत जास्त प्रगती गोजराबाईच्या घराची निघाली.