एकही महिना रिकामा सोडू नका

कॅनडातल्या वॉन शहरात ज्या घराच्या बेसमेंटात आम्ही नवराबायको राहतो, ते मला खोटं बोलून मिळालं. अर्धं खोटं म्हणा. घरमालकीण काकू मूळच्या फलटणच्या, रिटायर्ड डॉक्टर. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" मी घाबरून बोलून गेले, "फलटणच्याच."

फलटणला आमचं पाल, म्हणजे तंबू, पडायचं, हे खरं. पण वर्षातून थोडेच दिवस पडायचं, हे सांगायचं राहून गेलं.

आम्ही घिसाडी. आई भाता चालवायची, वडील तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचे आणि मी घण मारायचे. गावातली खुरपी, विळे, कुऱ्हाडी झाल्या की टेम्पो भरायचा आणि पुढचं गाव गाठायचं. माझी शाळा चौथीत सुटली. म्हणजे शाळा जागेवरच होती, आम्हीच सुटलो. नवरा मात्र आयटीआय करून वेल्डर झाला आणि त्याच्या वेल्डिंगवर आम्ही कॅनडात आलो.

काकूंनी मला काय नाही शिकवलं! बसचं कार्ड, बर्फातले बूट, "सॉरी" किती वेळा म्हणायचं ते. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण रविवारी वर चहाला बोलावलं की फलटण निघायचंच.

"तुमचं घर मारुतीच्या देवळाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. म्हणजे, थोडं पलीकडे."

मग आला पीआरचा, म्हणजे इथं कायमचं राहायचा अर्ज. अठराव्या वर्षापासून कुठं कुठं राहिलात ते सगळे पत्ते लिहा, एकही महिना रिकामा सोडू नका. इंग्रजीमुळे तो काकूच भरून देणार होत्या. माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं, म्हणजे त्याआधीची चार वर्षं पालातली.

नवरा म्हणाला, "टाक की फलटण चारी वर्षं. कोण बघायला जातंय?"

पण खोटं सापडलं तर परत पाठवतात. आणि खरं सांगितलं तर? गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी आमच्या पालात यायचे. हापशावर सगळ्यांचं पाणी भरून झाल्याशिवाय आम्हा पोरींना हात लावू देत नसत. घिसाडी म्हटलं की समोरच्या बाईची नजर आधी स्वतःच्या वस्तूंकडे जाते, हे मला पाठ होतं. वरचा जिना बंद झाला असता, कदाचित खोलीही गेली असती.

त्या रविवारी काकूंनी लॅपटॉप उघडला. "हं, फलटण. घर नंबर सांग."

"काकू, फलटण फक्त पौषात."

"आणि माघात?"

"माघात दहिवडी. मग म्हसवड. आम्ही घिसाडी आहोत, काकू."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नजर सरळ लॅपटॉपवर!

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "यात ओळी किती लागतील?"

चार वर्षांच्या एकतीस ओळी झाल्या. मला तारखा कुठून आठवणार? "नातेपुत्यात धाकट्या बहिणीला गोवर आला," म्हटलं की काकू डॉक्टरीण होऊन विचारायच्या, "पुरळ उठलं तेव्हा ऊन होतं का?" आणि मार्च टाकायच्या.

फलटणला आल्यावर म्हणाल्या, "नक्की कुठे?"

"बाजारतळाच्या कडेला, पिवळ्या बंगल्यामागं. शेवटच्या वर्षी त्या बंगलेवाल्यानं ठोकण्याचा आवाज होतो म्हणून पोलीस आणले. तीन दिवस आधीच निघालो."

काकूंचा हात थांबला. "निळं गेट?"

"हो."

"तो माझा भाऊ."

मी घाईघाईनं म्हटलं, "आवाज होतच होता, काकू!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी भावाचा घर नंबर टाकला आणि पुढे 'च्या मागे' असं इंग्रजीत लिहिलं.

"हे खोटं नाही ना?" मी विचारलं.

"मागेच होतात ना? मग झालं तर. आणि हे बघ, मी तुला वेगळं मानत नाही हं. अजिबात वेगळं मानत नाही."

एकदाच म्हणाल्या असत्या तर मी निवांत झोपले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच जिना उतरून खाली आल्या. भावाला फोन केला होता. त्याला आम्ही आठवतच नव्हतो. त्याच्या गेटची कडी कुठल्या बाजूला आहे ते मला अजून आठवतं.

"मी बजावलंय त्याला," काकू म्हणाल्या. "चौकशी आलीच तर सांगायचं, हो, राहत होती. तर विचारतो कसा, किती दिवस? म्हटलं, अठरा. तू पोलीस आणले नसतेस तर एकवीस."

आणि माझ्याच खाटेवर बसून त्यांनी चहा मागितला.