सोयरिकीचा कोट

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. तिथे गादीवर नुसत्या बनियनमध्ये बसलेला माणूस नोकर आणि कडक इस्त्रीच्या शर्टात उभा असलेला मालक, असं नवं गिऱ्हाईक हमखास समजतं. खरा प्रकार उलटा आहे. उभा असतो तो तेजराम सेलोकर. परातींना चिंच लावून चकाकी आणणं, भांडी काट्यावर चढवणं आणि दिवस मावळला की पितळी समया मोजून आत ठेवणं, एवढंच त्याचं काम. मालकाला सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं की तेजराम समोर असला की लोक घासाघीस करायला लाजतात, मग राग आपोआप निवला. पगार मात्र होता तिथेच राहिला.

तेजराम राहतो नदीपलीकडे कारध्याला. सकाळी सायकलवर निघतो तेव्हा टाय खिशात असतो, कारण वैनगंगेच्या पुलावरचा वारा टायला कुठेही नेऊन टाकतो. पूल संपला की तो सायकल उभी करतो, पानठेल्याच्या आरशात पाहून गाठ मारतो आणि मग शहरात शिरतो. पानठेलेवाल्याने आरसा थोडा वर टांगलाय तो त्याच्यासाठीच. परात घासायला टाय कशाला हवा, असं त्याला अनेकांनी विचारून पाहिलं. परात घासताना तो खांद्यावरून मागे टाकता येतो, हे तेजरामचं उत्तर.

एवढे कपडे परवडतात कसे, हा गावाचा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर गावाच्याच कपाटांत पडून होतं. आपल्याकडे लग्नात पाहुण्याला आहेर म्हणून पँट-शर्टाचा पीस देतात. पाहुणा तो घरी नेऊन कपाटात ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या पाहुण्याला देतो. असे पीस वर्षानुवर्षं मांडवामागून मांडव फिरत राहतात, घड्यांवर पिवळ्या रेषा पडतात, कधीकधी फिरून मूळ मालकाकडेही येतात. कापड शिवायचं असतं ही गोष्ट लोक विसरूनच गेलेत. तेजराम एकटा असा निघाला की ज्याने मिळालेला पीस शिवून टाकला. तेव्हा भावकीत कुजबुज झाली होती. एका काकूने तर तोंडावर विचारलं, की शिवून टाकला तर आता पुढे देशील काय?

शिवायला प्रविण होता. प्रविण टेलरचं पोट शाळेचे गणवेश आणि साड्यांच्या फॉलवर चालायचं, पण जीव अडकला होता कोटात. त्याच्याकडून कोट शिवून घेणारं गावात कोणी नव्हतं. तेजराम त्याला सापडला आणि दोघांचंही भाग्य उजळलं. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची, बाह्यांच्या कडा आत दुमडायच्या, ढुंगणावर विरलेल्या पँटला आतून अस्तर लावायचं, हे सगळं प्रविण असं करायचा की बाहेरून टाका दिसू नये. तेजरामच्या बायकोचा भाऊ धनीराम याने लग्नात एकदाच घातलेला काळा कोट वर्षभरात त्याच्या पोटावर बसेना, तो याच दोघांनी मिळून पळवला. उसवला, कापला, पुन्हा जोडला. घरी इस्त्री म्हणजे पितळेचा लोटा. त्यात चुलीतले निखारे भरले की वीज जाण्याची भीती नाही. पँट गादीखाली. बुटांना टायरचा तळ. पट्ट्याचं बक्कल दुकानातल्या परातींसोबत चिंचेने घासलेलं.

एकच गोष्ट त्याला छळायची, ती म्हणजे मोजे. आपल्याकडे माणूस कितीही मोठा असो, बूट उंबऱ्याबाहेर काढावे लागतात, आणि मग अंगठा बाहेर डोकावला की वरचा सगळा थाट मातीत. म्हणून मोज्यांचा एक चांगला जोड त्याने डब्यात घालून ठेवला होता. तो फक्त सोयरिकीला.

आता हे सोयरिकीचं प्रकरण सांगितलंच पाहिजे. पोरगी पाहायला जाताना आपल्या बाजूने एखादा भारदस्त माणूस असावा, असं सगळ्यांनाच वाटतं. घरोघरी तसा माणूस असतोच असं नाही. एकदा शेजारच्या एकाने पोरासाठी पोरगी पाहायला जाताना तेजरामला सोबत नेलं, आणि मध्यस्थाने त्याची ओळख पोराचे मामा म्हणून करून दिली. तेजराम बसला. बसताना त्याने दोन्ही गुडघ्यांवरची पँट दोन बोटांनी किंचित वर उचलली, इस्त्रीची धार मोडू नये म्हणून. ती लकब पाहून समोरचे लोक सावरून बसले. चहा आला, त्याने तो बशीत न ओतता प्यायला. सोयरीक तिथल्या तिथे जमली.

तेव्हापासून तेजराम अर्ध्या तालुक्याचा मामा झाला. कुठे मामा, कुठे मावसा, कुठे भाटवे, म्हणजे बहिणीचा नवरा. तो स्वतः कधी खोटं बोलला नाही. तो बोलायचाच नाही. मध्यस्थ जे काही सांगायचा ते ऐकून तो कोटाच्या बाहीवरचा नसलेला धागा झटकायचा, आणि लोक समजायचे की साहेबाला मोठेपणा सांगायला आवडत नाही. लग्न लागलं की त्याला आहेरात पीस मिळायचा, तोही निवडून घेतलेला. त्या पिसाचा कपडा व्हायचा, तो कपडा पुढची सोयरीक जमवायचा आणि ती सोयरीक पुढचा पीस आणायची. असा हा संसार बिनभांडवली चालला होता.

मग त्याच्या स्वतःच्या पोरीची वेळ आली.

राखी भंडाऱ्याला एका दवाखान्यात नर्स होती. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला असलेल्या अतुलचं स्थळ आलं. दोघं फोनवर बोलली, मग पुन्हा बोलली, आणि राखीने आईला, सत्यभामाला, सांगून टाकलं की हाच. तिने ते तेजरामला सांगितलं आणि वर बजावलं की हे स्थळ हातचं जाता कामा नये. तेजराम खुशीत होता. इतक्या लोकांच्या पोरी-पोरांचं जमवलं, आता आपल्या राखीसाठी बसायचं. कोणता कोट, कोणती पँट, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. तेवढ्यात अतुलच्या घरच्यांचा फोटो मोबाइलवर आला.

फोटोत मध्यभागी अतुलचे वडील होते, खाणीतून रिटायर झालेले गोपीचंद. या माणसाला तेजराम चांगला ओळखत होता. दोन-तीन वर्षांपूर्वी तुमसरकडे एका पोरीच्या घरी तो पोराचा मामा म्हणून गेला होता, तेव्हा पोरीच्या बाजूने हेच गोपीचंद बसले होते, तिचे काका. तेजराम आत आला तेव्हा ते हात जोडून उठून उभे राहिले होते. त्याच मामाला आता ते पोरीचा बाप म्हणून, तोही परात घासणारा बाप म्हणून पाहणार. हे कळलं तर सोयरीक तर मोडेलच, वर गावभर शोभा होईल आणि राखीला कायमचं ऐकून घ्यावं लागेल. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सत्यभामाला हे सांगितल्यावर ती अजिबात घाबरली नाही. उलट तिच्या मनात आधीपासूनच वेगळं काही होतं.

"अवो, तुमी कोट घालून बसलात का त्याईले वाटन, या घरात लय आहे," ती म्हणाली. "मंग ते लॉनमधी लग्न मांगतीन, पोराले गाडी मांगतीन. कुठून आनाल? कोटाच्या खिशातून?"

कोटाच्या खिशात फक्त फिनाइलच्या गोळ्या होत्या. कोट नसला तर तुम्हाला आपली गायही ओळखत नाही, मग हे काय ओळखणार, असं म्हणून तिने विषय संपवला. पाहुणे यायच्या दिवशी त्याने धान कापणीच्या वेळी घालायचा मळका बुशशर्ट आणि पायजमा घालावा असं ठरलं. आयुष्यात लोकांच्या सोयरिकी जमवताना त्याने जी एक गोष्ट वापरली, तीच आपल्या पोरीच्या वेळी खुंटीवर लटकत ठेवायची. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

रविवारी दुपारी पाहुणे आले. गोपीचंद, अतुल आणि एक चुलतभाऊ. तेजराम अंगणात गाईसमोर वैरण टाकत होता, कारण मळक्या कपड्यांत नुसतं उभं राहून काय करावं ते त्याला कळत नव्हतं. गोपीचंदांनी त्याच्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि घराकडे बघत म्हणाले, "जरा पानी आना जी, अन राखीच्या बाबाले सांगा, पाहुने आले म्हनून."

तेजराम आत गेला आणि पाणी घेऊन आला, तोवर पाहुणे ओसरीत बसले होते. दुसरं काय करणार? दारातून राखीने हे पाहिलं. सत्यभामाने घाईघाईने बाहेर येऊन हेच राखीचे बाबा म्हणून सांगितलं तेव्हा गोपीचंद ओशाळले, हात जोडले, पण ते बसूनच. तेजरामने मनात नोंद केली की या वेळी हे उठले नाहीत. ओळखलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा की ओळखलं नाही म्हणून रडावं, हे त्याला ठरवता येईना. तोही बसला. बसताना सवयीने बोटं गुडघ्यांवर गेली, तिथे चुरगळलेला पायजमा होता.

बोलणं थंडच चाललं. शेती किती, घर स्वतःचं का, असलं काहीबाही. तेजराम पाहत होता की गोपीचंदांची नजर पुन्हा पुन्हा भिंतीच्या पोपड्यांवर जाते. मग चिवडा आला आणि गोपीचंदांना आपल्या पुतणीची सोयरीक आठवली. तिकडून पोराचे एक मामा आले होते, त्यांचं वर्णन त्यांनी सुरू केलं. त्यांचं बसणं, त्यांचा कोट, त्यांचं न बोलणं. तेजरामने चिवड्याची बशी खाली ठेवली.

"एक शब्द बोलले नाही तो मानूस," गोपीचंद म्हणाले. "पन आमी त्याईले पाहूनच हो म्हनून टाकलं. खानदान दिसते ना जी. तुमच्याकडं तसा बोलनारा-चालनारा कोनी मानूस नाही काय?"

तेजरामने मान खाली घातली. आपल्याच कोटाचा इतका हेवा त्याला कधी वाटला नव्हता. त्या मामाला तो जन्मभर सोबत घेऊन फिरला, आणि आज नेमका तोच मामा त्याच्या पोरीच्या आड आला. नाही जी, आमच्यात तसं कोणी नाही, एवढं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात राखी चहा घेऊन आली. सगळ्यांना चहा दिला, ट्रे खाली ठेवला, आणि उभ्यानेच बोलली.

"ते मामा माहे बाबाच होत. कोट आत खुंटीवर आहे."

सत्यभामाच्या हातातली बशी तिरपी झाली. अतुल चहाचा कप ओठांशी धरून तसाच राहिला. गोपीचंदांनी तेजरामकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि परत वर. तेजरामला वाटलं, हे आता उठतील आणि चपला घालतील. ते उठले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "घालून या."

तेजराम आत गेला. घाई करावी असं त्याला वाटलं नाही. जायची ती सोयरीक गेलीच आहे, तर निदान नीट कपड्यांत जाऊ दे. त्याने गादीखालची पँट काढली, पांढरा शर्ट घातला, पुलावरचा वारा नसल्याने टायची गाठ पहिल्याच झटक्यात बसली. मग कोट. शेवटी डबा उघडून मोजेसुद्धा घातले. बाहेरून नुसता गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता.

तो दारात आला आणि गोपीचंद हात जोडून उठून उभे राहिले.

उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उभे राहिलो. सगळं माहीत असून उभे राहिलो. आता एकदम खाली बसणंही बरं दिसेना. अतुलने हसू दाबायला कपात तोंड घातलं, चुलतभावाला तेही जमलं नाही. गोपीचंदांनी एकदा खाकरून घेतलं, कोटाची बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं आणि म्हणाले की पुतणी सुखात आहे, नाहीतर आज तुमची खैर नव्हती. तेजरामने मान हलवली. ते त्याला पटण्यासारखं होतं.

मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात धाकट्यासाठी पोरगी पाहाले पवनीकडं जाऊन राहिलो. याल काय जी, मामा म्हनून?"

कोट अंगावर असताना तेजरामला कित्येक वर्षांत कोणत्याही बैठकीत बोलावं लागलं नव्हतं. बोलायचं कसं, हेच तो विसरला होता. त्याने एकदा राखीकडे पाहिलं. ती ट्रे छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मामा म्हनून आता कोनाच्या घरी येत नाही," तो म्हणाला. "व्याही म्हनून नेत असाल, तर येतो."

गोपीचंदांनी अतुलकडे पाहिलं. अतुल कधीचा मान हलवत होता. मग ते सत्यभामाकडे वळले आणि घरात सुपारी आहे ना, म्हणून विचारलं. ती आत पळाली. लॉन आणि गाडी हे शब्द त्या दुपारी निघाले नाहीत, पुढे निघाले तर त्यांचं काय करायचं ते सत्यभामा बघणार होती.

सगळे बसले, तसा तेजरामही बसला. या वेळी पँट गुडघ्यांवर उचलायची राहून गेली, आणि इस्त्री मोडली.