अक्काचं थांबलेलं ऑपरेशन

वारंगा फाट्यावर माझ्या वडिलांचं भज्यांचं छोटं हॉटेल होतं. खरं तर ते माझी थोरली बहीण, अक्काच चालवायची. पाण्याची घागर आणताना ती वाटेत दोनदा खाली टेकायची. आम्हाला वाटायचं, अशक्तपणा असेल. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे. ऑपरेशनशिवाय इलाज नाही, पण पिवळं रेशनकार्ड असेल तर सगळा खर्च सरकार एका योजनेतून करतं. आमचं कार्ड पिवळंच होतं. अक्काला मी पहिल्यांदाच एवढं मोकळं हसताना पाहिलं.

औरंगाबादच्या दवाखान्यात तिला भरती केलं. शेजारच्या खाटेवर साखरा गावची एक लहान मुलगी होती, तिच्या हृदयाला छिद्र होतं. तिची आई आणि अक्का दिवसभर बोलत बसायच्या. ऑपरेशनचा दिवस ठरला, अक्काच्या हातातल्या बांगड्या काढल्या, आणि मग निरोप आला, योजनेचा पैसा सरकारनं कमी केला आहे. घरी जा, पैसा आला की बोलावू.

"आन् तवर?" आईनं विचारलं.

साखऱ्याच्या मुलीलाही तसंच घरी पाठवलं होतं. तिची आई आणि अक्का, दोघींनी गावोगाव फिरून अशीच परत पाठवलेली माणसं शोधली. जिल्हा नुकताच नवा झाला होता. हिंगोलीच्या नव्या कलेक्टर कचेरीसमोर सगळे बसले. बाकीचे घोषणा देत होते. अक्का लिंबाच्या बुंध्याला टेकून नुसती बसली होती. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "पैसा वरूनच बंद झालाय. माझ्या हातात काही नाही."

अक्का श्वास घेत घेत बोलली, "साहेब, तुमच्या हातात न्हाई, ते समजतं आमाला. पर वर आमचं कोन बोलून राहिलं? तुमी तरी बोला."

साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. ती बसली नाही.

लोक पुन्हा पुन्हा जात राहिले. पावसाळा सरला तेव्हा पैसा सुटला. बोलावणं आलं, आम्ही गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि वडिलांना बाजूला नेलं. हृदय फार सुजलं होतं, आता ऑपरेशन झेपणार नव्हतं. परतीच्या बसमध्ये अक्कानं एकच विचारलं, "त्या लेकराचं झालं का?"

झालं होतं. दिवाळीनंतर तिची आई तिला घेऊन आली. अक्का तेव्हा उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. ती मुलीला म्हणाली, "पळून दाखव बरं." पोरगी अंगणाला चक्कर मारून आली. धाप नव्हती. अक्कानं तिच्या छातीवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, मग भिंतीकडे तोंड केलं.

थंडी संपायच्या आत ती गेली.

अक्काच्या जलदान विधीच्या दिवशी साखऱ्याची ती बाई आली. आईचा हात धरून म्हणाली, "तुमच्या पोरीनं आवाज उठवला म्हून माझं लेकरू हाय."

आई म्हणाली, "आवाज कुठं राहिला व्हता तिला, बाई."

ती बाई उठली आणि चुलीपाशी बसून आमच्या घरच्या भाकरी थापू लागली.