टिंबामागची नावं

वैती बाई नव्या बॅचला पहिल्याच दिवशी दोन फाइली बनवायला लावायच्या. दोन्हींचं नाव दत्ता. एकीत डी कॅपिटल, दुसरीत स्मॉल. मुलं गोंधळली की म्हणायच्या, "मशीन चालवणाऱ्या या युनिक्सला हे दोन वेगळे दत्ता. गिरणीतला मुकादम करतो तशी तो कोणाच्या नावात गल्लत करत नाही."

बाई वरळी कोळीवाड्यातल्या. आवाज खणखणीत, बोलणं रोखठोक. लालबागच्या त्या क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचे, त्या कॉम्प्युटर. संप मोडून काही वर्षं झाली होती. बंद गिरण्यांतल्या कामगारांची मुलं आमच्याकडे येत. बाईंचा सगळ्यात आवडता धडा टिंबाचा. नावाच्या सुरुवातीला टिंब दिलं की एलएस ही फाइलींची यादी मागायची कमांड दिल्यावर ती फाइल यादीत दिसत नाही. एलएस मायनस ए केलं की दिसते. आरएम या पुसायच्या कमांडपुढे 'सगळ्या फाइली' सांगणारी चांदणी देऊन सगळं पुसलं, तरी टिंबवाली फाइल मागे उरते. "पण टिंब म्हणजे पडदा हं, कुलूप नाही," त्या बजावायच्या. "जाणत्याने हात लावला की सरकतो."

त्या वर्षी गिरणीच्या फाटकापाशी भरदुपारी चौघांनी कामगारांच्या एका पुढाऱ्याला तलवारींनी तोडलं. सात जणांनी ते पाहिलं आणि साक्ष द्यायचं कबूल करून ते नातेवाइकांकडे लपले. त्यांच्या वकिलांचं ऑफिस गुंडांनी फोडलं, तेव्हा वकिलांच्या सांगण्यावरून सातांची नावं आणि पत्ते बाईंनी आपल्या मशीनवर ठेवले, टिंब देऊन. हे फक्त मला माहीत होतं.

एका सकाळी बॅच सुटल्यावर त्या गुंडांच्या टोळीतले तिघे आत आले. त्यांच्यासोबत संतोष होता, बाईंचा जुना, सगळ्यात हुशार विद्यार्थी. म्होरक्याने बाईंचा उजवा हात टेबलावर दाबून यादी मागितली. बाई म्हणाल्या, यादी नाही. त्याने लोखंडी सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, आणि सळई पुन्हा पडली. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. कोणी विचारलं नाही.

मग त्याने संतोषला मशीनवर बसवलं. मशीनचा स्क्रीन मला दिसत होता. संतोषने एलएस केलं. नुसतंच एलएस. आलेली एकेक फाइल उघडून दाखवली आणि म्हणाला, "भाई, पोरांच्या प्रॅक्टिसच्या आहेत. बाकी काय नाय."

म्होरक्याने सगळं पुसायला सांगितलं. संतोषने आरएम टाइप केलं, पुढे चांदणी. जाताना त्याने बाईंकडे पाहिलंही नाही.

सातही जण कोर्टात उभे राहिले आणि त्यांनी चौघांना ओळखलं. तेव्हा टोळीने ताडलं, यादी मशीनवरच होती आणि संतोषने ती दाखवली नव्हती. काही दिवसांतच शिवडीच्या चिखलात त्याचं प्रेत मिळालं. गळा चिरलेला होता.

प्लास्टरमधला हात घेऊन बाई परळच्या चाळीत त्याच्या आईला भेटायला गेल्या. मी बरोबर होते. आईने विचारलं, तो गुंडांबरोबर तुमच्याकडे आला होता हे खरं का.

"आला होता," बाई म्हणाल्या. "त्याच्यामुळे सात माणसं जिवंत आहेत." टिंब म्हणजे काय आणि संतोषने त्या दिवशी काय केलं, ते त्यांनी तिला सावकाश समजावून सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि बाईंच्या थोबाडीत मारली. "मग शिकवलंत कशाला त्याला?"

बाई संध्याकाळपर्यंत तिथेच खाली बसून राहिल्या.

पुढे स्वतः वारेपर्यंत बाई दर रविवारी कोळीवाड्यातून मासळी घेऊन परळला जायच्या. बाईंच्या बोटांत जोर उरला नव्हता, म्हणून विळीवर संतोषची आई बसायची.