यमुनाबाईंच्या जागी गव्हाचं पोतं

रावसाहेब मोटरसायकल चालवताना क्लच कधी पूर्ण सोडत नसत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळे म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे. तो आहेच; पण क्लचचं कारण त्यांच्या पत्नी यमुनाबाई होत्या.

एकदा सिग्नल सुटताना गाडीने झटका दिला आणि मागे मांडीवर डबा घेऊन पेंगणाऱ्या यमुनाबाई रस्त्यावर बसल्या. रावसाहेब त्यांच्याशी बोलत बोलत वारज्याला मुलीच्या दारात पोहोचले. वाटेत उत्तर मिळालं नाही, याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. मागाहून रिक्षाने आलेल्या यमुनाबाईंनी बजावलं, पुन्हा झटका बसला तर या गाडीवर पाय ठेवणार नाही. त्या बोलतात ते करतात, आणि त्यांच्याशिवाय रावसाहेबांना साधं दूध आणायलाही जाववत नाही.

तेव्हापासून क्लच कायम अर्धा दाबलेला. शेवटी गाडी नुसती ओरडायची, चढ काही चढायची नाही. यमुनाबाई उतरून चालत पुढे जायच्या आणि वर उभ्या राहून वाट बघायच्या.

वारज्याच्या पोपट मेकॅनिकने क्लच खोलला तेव्हा मी माझी स्कूटर घेऊन तिथेच होतो. प्लेटा झिजून गुळगुळीत झालेल्या, वर जळका वास. नव्या टाकायला हव्यात, म्हणाला. रावसाहेब म्हणाले, टाका, पण जुन्यांइतक्या झिजवून टाका.

"नव्या प्लेटा घट्ट धरणारच की काका. त्यासाठीच हायत त्या."

"धरू देत. पण मागे बसणारीला कळता कामा नये."

नव्या प्लेटा बसल्या. चाचणीसाठी रावसाहेबांनी मागच्या सीटवर गव्हाचं पोतं ठेवलं, त्यावर डबाही. पहिल्याच झटक्याला पोतं खाली. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. बघे हसत होते, मीही हसलो. मग त्यांचा रडवेला चेहरा पाहून मला माझीच चीड आली.

तेवढ्यात मुलीच्या घरून यमुनाबाई आल्या. हे कोण, त्यांनी विचारलं.

"तुम्ही," रावसाहेब म्हणाले.

यमुनाबाईंनी पोतं बाजूला केलं, डबा माझ्या हातात दिला, मागे बसल्या आणि भर रस्त्यात नवऱ्याच्या कमरेला घट्ट धरलं.

"पोत्याला हात नसतात. अहो, सोडा आता तो क्लच."

गाडीने हिसडा दिला आणि दोघं गेली. रावसाहेबांचे कान लाल झाले होते. डबा माझ्याकडेच राहिला.

पोपट म्हणाला होता, प्लेटा रुळल्या की झटका जाईल. तसा तो गेला. यमुनाबाई पुन्हा दोन्ही हातांनी डबा धरून पेंगू लागल्या. परवा रावसाहेब पोपटकडे दिसले. गाडी उत्तम चालत होती.

"झटका गेलाय हो," ते हळूच सांगत होते. "तेवढा परत बसवून द्या."